भरपूर अमोनिया

पळस्पे फाट्याजवळच्या एका कोल्ड स्टोरेजची यंत्रं माझ्या देखरेखीखाली होती. मालकाला सगळे शेठ म्हणत. वाडवडिलांची मिठागरं गेली, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि शेठ मासळी गोठवू लागले. माणूस दिलदार. घरच्या हळदीला जेवण उरलं नाही, तर तो त्यांना अपमान वाटे.

तिथला गारवा देणारा अमोनिया थंड खोल्यांतून फिरून परतताना बराचसा द्रवरूपच असायचा आणि तसाच कॉम्प्रेसरमध्ये शिरायचा. कॉम्प्रेसर असतो वायूसाठी. द्रव आला की तो आतून ठोके देतो आणि एखाद्या दिवशी फुटतो. ते ठोके ऐकत ऑपरेटर शेजारी बसायचा. एकदा गळतीत त्याच्या छातीत गॅस गेला होता, तेव्हापासून बायको त्याच्यामागे लागली होती की नोकरी सोडा. मीच त्याला थांबवून धरलं होतं. म्हटलं, "टाकी येऊ दे, मग निर्धास्त बस."

ही टाकी म्हणजे लो-प्रेशर रिसीव्हर. परत आलेला द्रव तिच्या तळाशी थांबतो, तिथून पंपाने पुन्हा खोल्यांत जातो. कॉम्प्रेसरला वरचा कोरडा वायू तेवढा मिळतो. मी शेठना फायदे सांगितले: यंत्र टिकेल, माणूस सुरक्षित राहील, शिवाय एकूण अमोनियाही कमी लागेल. पहिल्या दोन फायद्यांना त्यांनी जांभई दिली. तिसऱ्याला मात्र चेहराच उतरला.

"कमी? चुलतभावाच्या प्लांटात बघा किती हाय! लोक काय म्हनतील आमाला?"

तरी टाकी बसली. ठोके थांबले. ऑपरेटर चक्क डुलक्या काढू लागला आणि मला फार बरं वाटलं. मग मी एका नातेवाइकाच्या लग्नासाठी गावी गेलो आणि शेठमधला यजमान जागा झाला. त्यांनी सिलिंडरवाल्याला बोलावून टाकी पार वरपर्यंत भरून घेतली. पातळी वाढल्यावर टाकीचा धोक्याचा भोंगा बोंबलू लागला, तर त्याची वायरच काढायला लावली. आता द्रवाला थांबायला जागाच उरली नाही. तो सरळ कॉम्प्रेसरकडे निघाला.

मी परतलो त्या दुपारी ठोके ऐकून ऑपरेटरने नुकतंच मशीन बंद केलं होतं आणि शेठ त्याच्यावर खेकसत होते, "चालू कर! नवी टाकी हाय, कायबी होत नाय!"

डबा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली होती. ती पुढे आली.

"शेठ, गॅस कमी पडला तर तुमचं नाक कापतं. जास्त झाला तर माज्या नवऱ्याचा जीव जातो. कायबी होत नाय ना? मंग तुमीच बसा मशीनजवळ. तो चालू करतो."

शेठनी मशीनकडे पाहिलं आणि त्यांना एकाएकी नवीन पनवेलमधलं तातडीचं काम आठवलं. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "ज्यादाचा काढून टाका. पन चुलतभावाला कळू देऊ नका."

मला हसू आलं आणि संतापही आला. ऑपरेटर चपला घालून बायकोच्या मागोमाग निघाला. या वेळी मी त्याला थांबवलं नाही.