एकविसाव्या तासातलं घरटं

अकोल्याहून वाशिमच्या एसटीत बसले, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं चालल्या?" म्हटलं, नाशिकहून आलेय, मेडशीला चाललेय, एक पक्षी बघायला. "पक्षी? नाशकाहून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या डोक्याची काळजी वाटू लागली.

पण तणमोर आहेच तसा! कोंबडीएवढा जीव, आता फार थोडे उरलेत. श्रावणात नराच्या डोक्यामागे काळ्या पिसांच्या रिबिनी फुटतात आणि मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उड्या मारत सुटतो, दिवसात शेकडो. वर बेडकासारखा आवाजही काढतो.

फाट्यावर गौतमभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचे हे धाकटे भाऊ. त्यांच्या सोयाबीनशेजारच्या गवतात पंधरा मिनिटांत तो दिसला. हवेत! खाली गडप! पुन्हा हवेत! साठीची बाई मी, चक्क टाळ्या वाजवणार होते.

"मादी याच्याहून मोठी असते," मी माहिती पुरवली, "अंडी-पिल्लं सगळं एकटीच बघते."

गौतमभाऊंच्या पत्नी सुजाताताई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे हा नुसत्या उड्याच मारते? आमच्या घरीबी तसंच हाये."

मग त्यांनी सोयाबीनमध्ये, मातीवरच बसलेली मादी लांबून दाखवली. तिच्याखाली चार अंडी होती. दुपारी त्याच शेतात डवरा (तण काढायचं बैलांचं औत) चालणार होता. "आमच्या ध्यानात हाये," गौतमभाऊ म्हणाले. पण मला कुठला धीर! ते दोघं कामाला लागल्यावर मी घरट्याजवळ काडी रोवून माझा पिवळा रुमाल बांधून आले. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

धुऱ्यावर (बांधावर) शिदोरी सुटली. भाकरी, ठेचा आणि तरोट्याची भाजी. रानात आपसूक उगवणाऱ्या या पाल्याला काय चव असते म्हणून सांगू! दुसरी भाकरी घेतली, तोच सुजाताताई हातातला घास टाकून धावल्या. रुमालापाशी दोन कावळे होते. मादी उडाली होती. एक अंडं फुटलं होतं.

"काहून बांधला हा? कावळ्याले पत्ताच देल्ला ना तुमी!"

"चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं. रडू आवरेना.

रुमाल सोडून माझ्या हातात देत त्या जरा नरमल्या. "आमी खूण नाई करत, बाई. तास (पेरणीची ओळ) मोजतो. धुऱ्यापासून एकविसावा, आत चाळीस पावलं. दोन्ही आंगानं सहा-सहा तास डवरतच नाई. तण माजते, माजू द्या."

आता ती परत येणार का? आम्ही तिघं धुऱ्यावर बसून राहिलो. गौतमभाऊंनी बैल जुंपलेच नाहीत. भाकरी तशीच वाळली. ऊन कलल्यावर गवतातून एक लांब मान वर आली. दोन पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. शेवटी ती अंड्यांवर बसली. सुजाताताईंनी माझा हात घट्ट दाबला आणि मी दुसऱ्यांदा रडले.

नाशिकला परतल्यावर दोनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "तीनबी निघाले, बाई! निघाले तसे मायच्या मांगं चालून राह्यले!" आणि त्या पट्ट्यातलं सोयाबीन? "थे तणानं खाल्लं," त्या हसत म्हणाल्या.

मैत्रिणी आता पुढच्या श्रावणाचे बेत आखताहेत, शेत नेमकं कुठलं ते विचारताहेत. मेडशीला उतरले होते, एवढं सांगते. पुढचं सांगत नाही. एकदा पत्ता दिला होता, तेवढं पुरे झालं.