शालनच्या घराकडची वाट

बंगळूरच्या जे. पी. नगरच्या पलीकडे, बस जिथून परत फिरायची तिथून पुढे चालत गेलं की आमचं हुणसेकट्टे लागायचं. उत्तरेला बंडे, म्हणजे भलामोठा उघडाबोडका खडक. दक्षिणेला तळं. दोहोंच्या मधे चिंचोळी सपाट जमीन. तिच्या एका टोकाला थोरलं गाव, दुसऱ्या टोकाला वरची वाडी. गावात रेड्डी होते, गौडा होते, कुंभार होते आणि आम्हा मराठ्यांची चारपाच घरं. आमचे पूर्वज कुठल्या फौजेबरोबर इथं आले ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, एवढं मात्र पोराबाळांनाही पाठ.

मथुराअक्का आमच्या शेजारी राहायची. तिची धाकटी बहीण शालन वरच्या वाडीत दिलेली. दोघींच्या घरांमधे अक्काच्या नवऱ्याचं, सूर्यकांतअण्णांचं, कनकांबराचं शेत होतं. मराठी मुलखात ज्याला अबोली म्हणतात तेच ते. शेतातून पायवाट गेलेली. सकाळी फुलं खुडायला अक्का इकडून यायची, शालन तिकडून. वाटेत बसून बोलणं व्हायचं, मग दोघी आपापल्या घरी. अक्काला मूलबाळ नव्हतं. शालनचा मुलगा योगीराज याच वाटेवर चालायला शिकला.

नव्वदच्या सुमारास शेत विकलं गेलं. अण्णांच्या सगळ्या भावांनी आपापला वाटा विकला, अण्णांनीही विकला. तिथं लेआउट पडला, म्हणजे प्लॉट पाडून वसाहत झाली. खडकापासून तळ्यापर्यंत सरळ रस्ते, मग खांब, मग घरं. राहायला पुण्याकडचे आले, दिल्लीकडचे आले, मद्रासचे आले. तरी रस्ते मोकळे होते तोवर अक्का त्यांच्या बागांना वळसे घालत बहिणीकडे जातच होती.

दोन-तीन वर्षांनी अण्णांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कूस बदलायची तरी अक्काच हवी. आणि अण्णा अंथरुणाला खिळल्यावर थोड्याच महिन्यांत लेआउटवाल्यांनी भिंत घातली, खडकापासून तळ्यापर्यंत, दोन्ही अंगांनी. गावाकडे फाटक ठेवलं, वाडीकडचं फाटक कुलूपबंद. आता शालनकडे जायचं तर बस धरून जे. पी. नगर गाठायचं, तिथून दुसरी बस, खडकाला वळसा. अर्धा दिवस जायचा. अण्णांना टाकून अर्धा दिवस कोण जाणार? शालनचे गुडघे गेलेले, तिला बसची पायरी चढवत नसे.

फाटकावर राखणदार देवाप्पा होता, निपाणीकडचा.

"बघा की अक्का, मला काय तुम्हाला अडवायची हौस हाय काय? आत कुणाकडं जायचं ते सांगावं लागतंय. आणि आतून पलीकडं जायची वाट न्हाईच."

"माझ्या शेतात जायला मी कुणाचं नाव सांगू?"

देवाप्पा हळूच म्हणाला, "कामवाल्यांना तेवढं सोडतो आम्ही."

"मग कामवाली होते," अक्का रागानं म्हणाली आणि घरी आली. आम्हाला वाटलं, बोलून गेली. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती पुन्हा फाटकावर उभी. तिची एकच अट होती: वाडीच्या अंगाला असलेलं घर पाहिजे.

देवाप्पानं तिला उल्का नावाच्या पुण्याच्या बाईंकडे नेलं. मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून उल्काताई हरखल्या. सकाळी अण्णांचा डोळा लागला की अक्का तासभर जाऊन धुणं धुवायची आणि वाळत घालायला गच्चीवर जायची. गच्चीच्या कठड्यापाशी उभं राहिलं की भिंतीपलीकडे शालनचं परसू समोर दिसायचं.

"शाले, जेवलीस का गं?"

"आत्ताच ऊट झालं अक्का! भाऊजी कसे आहेत?"

असं ओरडून ओरडून बोलणं. शेजारच्या घरातून तक्रार आली, तेव्हा उल्काताईंना पत्ता लागला. "मथुराबाई, तुम्ही गच्चीवर कुणाशी बोलता?" त्यांनी विचारलं. अक्कानं सगळं सांगितलं. पायाखालची जमीन आमचीच होती, हेही सांगून टाकलं. उल्काताई लेआउटच्या कमिटीच्या सभेत बोलल्या. मागचं फाटक सकाळी थोडा वेळ तरी उघडा म्हणाल्या. उद्या सगळी वाडीच आत येईल, असं उत्तर मिळालं.

त्या रविवारी उल्काताईंनी स्कूटर काढली. "बसा मागे. तासाभरात जाऊन येऊ." माझ्या आईनं अण्णांकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं. अक्का जन्मात पहिल्यांदा स्कूटरवर बसली. वाडीत पोचल्यावर दोघी बहिणी आधी नुसत्या एकमेकींचे दंड दाबत उभ्या राहिल्या. शालननं तिच्या केसांत फुलं माळली, तांदळाची गरम अक्की रोट्टी खाऊ घातली. निघताना अक्का खूप हसत होती, असं उल्काताई सांगतात.

इकडे आई अण्णांना पाणी पाजून चुलीवरचं बघायला घरी आली. तेवढ्यात अण्णा खाटेवरून पडले. अक्का दारात आली तेव्हा ते जमिनीवर होते, कपाळाला खोक पडलेली, आणि डावा हात दाराकडे पसरलेला. अक्कानं आईला एका शब्दानं दोष दिला नाही. केसांतली फुलं काढून बाजूला ठेवली आणि रक्त पुसायला बसली. त्यानंतर उल्काताईंनी कितीदा विचारलं, तरी ती स्कूटरवर बसली नाही.

पुढे वाडीतली घरंही बिल्डरनं घेतली. योगीराजला होसूरच्या कारखान्यात नोकरी होती, तो आईला तिकडे न्यायला निघाला. जाताना सामानाचा टेम्पो त्यानं मुद्दाम वळसा घालून आमच्या गल्लीत आणला. शालन कशीबशी उतरली.

"अक्का, इथं काय राहिलंय आता? भाऊजींनाही घेऊन चल. गादीवर निजवून नेऊ."

अक्का अण्णांच्या तोंडाकडे बघत होती. अण्णांना सगळं समजत होतं. त्यांनी डाव्या हातानं खाटेची कड धरली ती सोडेनात.

"जा तू," अक्का म्हणाली. "स्वल्प हळू चालव म्हणावं टेम्पो. तुझे गुडघे दुखतील."

आता गच्चीवरून बोलायला कुणी नव्हतं. उल्काताईंना वाटलं, अक्का काम सोडणार. तसं त्यांनी विचारलंही.

"सोडून काय करू ताई?" अक्का म्हणाली. "दिवसातून एवढाच वेळ मी त्या खोलीच्या बाहेर असते."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर योगीराज येऊन अक्काला होसूरला घेऊन गेला. आम्हाला बरं वाटलं, सुटली एकदाची. पण ती महिनाभरसुद्धा राहिली नाही. तिकडे झोपेतून दचकून उठायची आणि खाटेच्या कडेला कान देऊन बसायची. शालन म्हणायची, "झोप गं, कूस बदलायला आता कुणी नाही." ते अक्कालाही ठाऊक होतं. एका सकाळी तीच योगीराजला म्हणाली, मला परत सोड.

परत आल्यावर तिनं घर झाडलं, खाट धुऊन उन्हात टाकली. आईनं विचारलं, "कशाला आलीस गं एकटी?" अक्कानं खाटेची दुसरी बाजू उन्हाकडे केली.

"तिथं मोकळं मोकळं वाटत होतं सगळं," ती म्हणाली. "मला ते सोसेना."