गगनबावड्याला पखवाज नेऊ नका

पावसाळी सहलींचे फोटो बघून हुरळला असाल, तर आधी हे वाचा. आम्ही गगनबावड्याला फिरायला गेलो नव्हतो. डिलाईल रोडची चाळीतली खोली विकून तिथे कायमचं राहायचं का, हे ठरवायला गेलो होतो. बेत अर्थात नवऱ्याचा. चाळीत हल्ली श्रीधरने पखवाज काढला की शेजारचे भिंत ठोकतात. तिथे मनसोक्त वाजवीन, म्हणाला. त्यामुळे सामानात कपडे कमी आणि पखवाज पहिला.

दादरहून बसने कोल्हापूर, पुढे एसटी. एसटी स्वस्त आहे, पण खिडकीची काच बंद होत नाही आणि पाऊस तिकीट न काढता मांडीवर बसतो.

श्रीधरचा भजनी मंडळातला जुना सोबती, मूळचा कोकणातला गणू तिथे घर बांधून राहिलाय. त्याच्याकडेच उतरलो.

"वहिनी, हवा बघा. फुकटचा एसी," तो म्हणाला.

"एसीत गादी ओली होत नाही, भावोजी."

अशा हवेला लोक आल्हाददायक म्हणतात. मिठाचं पाणी झालेलं, काडेपेटी पेटत नाही, भाजलेला पापड ताटात पडेपर्यंत मऊ. धुकं घरात शिरतं आणि अंथरुणात मुक्काम करतं. कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकतात; ते वाळत नाहीत, धुराचा वास तेवढा लागतो. स्टँडजवळच्या खानावळीतली झुणका-भाकर मात्र गरम आणि खिशाला झेपणारी. तालुक्याबद्दल एवढंच चांगलं बोलेन.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला श्रीधरने सवयीने कणीक लावली. थाप मारली तर उशीवर मारल्यासारखा आवाज. चुलीपाशी शेकवला, एक अभंग जेमतेम निघाला, पुन्हा ढप्प. वैतागून तो कणीक तशीच ठेवून झोपला. सकाळी तिच्यावर बुरशी.

"आम्ही नुसत्या टाळांवर भागवतो रे," गणू म्हणाला. "हय चामडा टिकणा नाय."

मी मनातल्या मनात पेढे वाटले. खोली वाचली. श्रीधर उरलेले दिवस दारात खुर्ची टाकून पाऊस बघत बसला. हिरमुसलाय, घरी गेला की येईल ताळ्यावर, म्हटलं.

घरी आलो. पखवाज गॅलरीतल्या उन्हात ठेवला आणि संध्याकाळी पहिल्याच थापेला असा घुमला की शेजारच्यांनी लगेच भिंत ठोकली. मी खूश. श्रीधरने तो पुसला, गवसणीत घातला आणि म्हणाला, "हा मंडळाला देऊन टाकू. तिकडे टिकायचा नाही."

"आणि तिकडे वाजवणार काय?"

"काही नाही. पाऊस ऐकेन."

लग्न झाल्यापासून त्या पखवाजाला मी सवत म्हणत आले. त्याच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही. तो इतक्या सहज सुटला, तर मी काय चीज? भीती वाटली, खोटं कशाला बोलू. बॅगेतले कपडे अजून दमट आहेत. धुवायचे की तसेच परत भरायचे, हे त्याला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.