आमचं कबड्डी मंडळ मोबाईलवर आलं तेव्हा

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या कबड्डी मंडळाचा इतिहास लिहायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी निवृत्त शिक्षिका आणि मला मोबाईलवर मराठी टाईप करता येतं! स्थापना, अध्यक्ष, जिंकलेल्या ढाली... इतिहास अडीच पानांत संपला. पण माहिती विचारायला ज्याच्या घरी जावं, तो आधी चहा टाकायला सांगायचा आणि मग भलतंच काहीतरी सांगत बसायचा. ते मी वहीच्या मागच्या बाजूनं लिहीत गेले. आता मागची बाजू पुढच्या बाजूला येऊन भिडली आहे. पुस्तकात यातलं काही घेणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

* * *

आधी गजूभाऊंचं. एकेकाळी पकडीत यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आता मुलाबरोबर शहराबाहेर बेसाला फ्लॅटमध्ये राहतात, पण जीव सगळा मंडळात.

मंडळाच्या ग्रुपवर एके दिवशी मातीची कबड्डी खरी की मॅटवरची, यावर जुंपली. गजूभाऊ मॅटच्या बाजूनं. आमचे कप्तानकाका, वय बेऐंशी, मातीच्या बाजूनं. त्यांनी लिहिलं, "गादीवर झोपाचं असते, खेलाचं नसते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर दिसलं, गजूभाऊ बाहेर पडले!

हाहाकार! पन्नास वर्षांची दोस्ती. आम्ही पाचजण रिक्षा करून बेसाला गेलो. लिफ्ट बंद. काका धापा टाकत तीन मजले चढले आणि दारातच म्हणाले, "गजू, राग नको धरू गा. आनू आपन गादी!"

गजूभाऊ बनियनवर उभे. "कोन रागावलं? मी त गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करून राहिलो होतो. काय दबलं, कोन जाने!"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काका परत जिन्याकडे वळले, तशी गजूभाऊंनी त्यांची बाही धरली.

"कप्तान, येवढे जिने चढून आलेच आहात, त थोडं मनवा ना मले!"

* * *

मंडळाचा एक जुना काळापांढरा फोटो आहे. ढाल घेतलेली टीम, मधोमध कप्तानकाका. गजूभाऊंच्या सुनेनं तो मोबाईलमधल्या ॲपवर रंगीत करून आणला. काय सुंदर झाला होता! काकांच्या मिशीचा एक एक केस दिसत होता. काका खूश. चष्मा लावून जवळून बघू लागले आणि एकदम ओरडले, "हे काय केलं वं? मले त्यांच्या टीममधी टाकलं!"

आमची जर्सी लाल. ॲपनं केली हिरवी. आणि हिरवी जर्सी तलावापलीकडच्या मंडळाची!

"काका, मशीनला काय समजतं?" मी म्हटलं.

"समजत नाही त रंगवते काहून?"

लाल करून देते म्हणून सून बिचारी मागे लागली. काकांनी जुना फोटो उचलून छातीशी धरला. "नको बाई. हा काळापांढराच बरा. याच्यात आपन जिंकलो आहोत!"

* * *

मैदानाच्या कोपऱ्यात एक गोल, लांबट दगड पडलेला आहे. जुनं नागपूर दाखवणाऱ्या तरुण मंडळींनी त्याच्याजवळ एक पाटी लावली. पाटीवर तो चौकोनी कोड. मोबाईल धरला की माहिती ऐकू येते, भोसलेकालीन वेशीचा स्तंभ!

एका रविवारी त्यांची गाईड मुलगी पंचवीस-तीस लोकांना घेऊन आली. काय जीव ओतून सांगत होती! इथून घोडेस्वार जायचे, इथं नगारा वाजायचा. लोक दगडाजवळ उभे राहून फोटो काढत होते. मी आणि काका बाकावर बसून ऐकत होतो. काकांनी दोन्ही हात जोडले होते.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "काका, खरंच इतका जुना आहे हा?"

"कायचा जुना! मैदानाचा रोलर होय तो. दांडा तुटला, म्हनून मी आन् गजूनं लोटून देल्ला होता तिथं."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"पोरगी येवढ्या मनानं सांगून राहिली होती वं. मलेच घोडे दिसाले लागले होते!"

* * *

मंडळाची स्पर्धा पहिल्यांदा मोबाईलवरून लाईव्ह दाखवली, त्या दिवसाचं तर विसरूच शकत नाही. बघणारे एकूण चौदा. पण निवेदकाला केवढा उत्साह! लोकांनी लिहून पाठवलेलं तो माईकवरून वाचून दाखवत होता.

गजूभाऊंना शुगर. त्यांच्या पत्नी शैलावहिनी बेसाला घरी बसून मॅच बघत होत्या. मोबाईल अशा ठिकाणी लावला होता की खेळाडूंच्या मागं गरम जिलेबीचं टेबल सरळ दिसत होतं.

निवेदकानं खणखणीत आवाजात वाचलं, "शैलावहिनी लिहून राहिल्या, 'छान चढाई! अहो, ती जिलेबी खाली ठेवा.'"

मैदानावरच्या आठ म्हाताऱ्यांनी हातातली जिलेबी खाली ठेवली!

* * *

आता उमरेडच्या शंकररावांचं सांगते.

पन्नास वर्षांपूर्वी फायनलमध्ये उमरेडचा संघ समोर होता. शेवटची चढाई कप्तानकाकांची. गुण बरोबरीत. काका हात वर करून परतले, "शिवलो!" पंचांनी गुण दिला, ढाल आमची. उमरेडचे कप्तान शंकरराव मातीत हात आपटून सांगत राहिले, "मले शिवलाच नाही हा!" तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. एकाच लग्नात आले तर वेगवेगळ्या पंगतीला बसायचे.

इतिहासात दोन्ही बाजू याव्यात म्हणून मी उमरेडला फोन लावला. त्यांची मुलगी म्हणाली, "काकू, बाबांना लकवा मारला. दोन महिने झाले, तोंडातून एक शब्द नाही."

मी काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. "लाव त्याले फोन. तोंड दिसते तसा लाव."

पडद्यावर शंकरराव दिसले. उशीला टेकवलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"शंकर, वळखलं काय गा?"

शंकरराव नुसते बघत राहिले.

काकांनी मोबाईल जवळ ओढला. "आयक. तव्हा मी तुले शिवलो नव्हतो. पंचानं देल्लं, मी घेतलं."

तिकडे शंकररावांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना.

"इतकं राहिलं होतं रे, इतकंच!" काका पुढे वाकले आणि दाखवायला म्हणून बोट पडद्यावरच्या शंकररावांच्या खांद्याजवळ नेलं. बोट कुठंतरी टेकलं आणि फोन कट झाला!

"काय झालं वं मीना? गेला काय तो?" काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी परत लावणार, तेवढ्यात तिकडूनच फोन आला. मुलगी रडत होती की हसत होती, समजेना.

"काकू, बाबा बोलले हो!"

"काय म्हणाले?"

"म्हणून राहिले, 'शिवला.'"