पुसलेली बाजू

करणी, भानामती, अंगात येणं... या थोतांडाविरुद्ध मी पत्रकं लिहिलीत, चौकाचौकांत वाटलीत, आणि त्यापायी एकदा मारही खाल्लाय. तेव्हा हे लिहिणारा भोळाभाबडा नाही, एवढं आधी समजून घ्या.

आमच्या विडी कामगार संघटनेची खोली इतवारी बाजारात, भांड्यांच्या दुकानावर. तिथल्या लोखंडी कपाटात तीनेकशे कॅसेट्स – सभा, मोर्चे, आणि गावोगावच्या बायकांनी विड्या वळताना म्हटलेली गाणी. ती मीच फिरून टेप केलेली. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी कुही गावाहून सुमन आली. बायजाबाईची मुलगी. बायजाबाई विड्या वळता वळता खोकून मेली. कारखानदाराचं कुत्रंही फिरकलं नाही.

"भाऊ, मायचं गाणं आयकायचं हाये. आवाज इसरून राहिली मी तिचा."

यादी नव्हती, बऱ्याच कॅसेट्सवर नावंही नव्हती. घोषणा द्यायला आम्ही शंभर जण, यादी करायला एक नाही! एकेक कॅसेट लावत बसलो. विसरलेली किती गाणी निघाली... मुकादमाची टिंगल करणारं एक लागलं, तर मी ताल धरून बसलो.

"एवढ्या कॅसेटा," सुमन म्हणाली, "अन् एक बाई सापडत नाही तुमाले?"

सापडली. माझंच अक्षर – 'बायजाबाई, कुही'. त्यावर काट. खाली – 'माझं भाषण, अंधश्रद्धा, धरमपेठ'.

कोरी कॅसेट नव्हती म्हणून मीच पुसलं होतं. लेकीची वेणी घालतानाचं गाणं; त्यात ना मागणी, ना घोषणा. चळवळीला काय उपयोग? आणि खरं सांगतो, सगळ्यांत तेच मला आवडायचं.

"ते पुसलं गेलं," मी म्हणालो. जसं काही आपोआप!

"लावा तं खरी."

लावली. माझं भाषण गरजायला लागलं. बंद करायला गेलो तर तिनं मनगट धरलं. ती मान डोलवत होती, ओठ हलत होते. मला मात्र ऐकू येत होतो फक्त मी... आणि खालची भांड्यांची ठोकाठोकी.

मग ती हसली. "मंधात काहून टोकता जी मायले?"

"काय म्हणतो मी?"

"'बस झालं बाई, यात मुद्दा नाही.' अन् माय म्हणते, 'मुद्दा वेणी घालून शाळेत गेला, भाऊ.'"

 शब्द न् शब्द खरा. टेप करताना बायजाबाईच्या अंगणात ती आणि मी, दोघंच होतो.

"मायनं सांगितलं असेल तुला."

"कधीच नाही. आत्ता आयकलं ना!" ती म्हणाली. "पुन्हा लावा."

मागे फिरवून पुन्हा लावली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आता तं तुमीच बोलून राहिले, भाऊ."

तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा... काही नाही. मी कॅसेट देऊ केली.

"काय करू नेऊन? तुमचं भाषण हाये ते."

चार वाजताची एसटी धरून ती गेली. परत आली नाही.

 तिला भास झाला म्हणावं, तर माझे शब्द तिच्या तोंडी कसे? उरलेल्या गाण्यांची यादी मी केली. पुन्हा कोणी पुसू नये म्हणून त्या कॅसेट्सच्या मागचे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. ही एक मात्र अजून लावतो. सुमनला माय ऐकू आली, त्या जागी कान देऊन बसतो.

तिथे भाषणात मी ओरडतो, "मेलेला माणूस बोलत नसतो!"

आणि टाळ्या पडतात.