कोर्टाच्या बाकावर दोन वेण्या

बहिणीच्या केसमध्ये साक्ष द्यायला मी नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात गेले होते. बाकावर शेजारी हिरव्या साडीतली एक उंच बाई होती. एकदम माझा हात धरून घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ताई, पोरगी मिळाली मला!”

मग तिने सगळं सांगूनच टाकलं. ती अंबडला कारखान्यात लेथ चालवते. आधी पुरुष म्हणून जगत होती. लग्न झालं, मुलगी झाली. पुढे बायको वारली. मग ही बाई म्हणून राहू लागली, साडी नेसू लागली, तेव्हा सासऱ्यांनी नातीला चांदवडला नेलं आणि भेटूही देईनात.

“जज मॅडमनी पोरीला विचारलं, ही तुझी कोण? तर म्हणते, आधी पप्पा होती, आता मम्मी आहे. डोसा मात्र अजून करपवते!”

ती इतकी हसली की शिपायाने दटावलं. त्यावर ती आणखीच हसली.

“शाळेत दोन वेण्या लागतात हो. तुमच्या केसांवर हात बसवू का?”

पन्नाशीतल्या मला नाही म्हणवेना. दातांत रबर धरून तिने माझे केस विंचरले, ओढले, गुंफले. तेवढ्यात मुलगी धावत आली आणि मला बघून खिदळायलाच लागली.

“मम्मी, एक वेणी कानावर चढलीय!”

“चढू दे. रोज घालायच्यात आता.”

मागून आलेल्या आजोबांनी नातीचं दप्तर तिच्या मम्मीच्या हातात दिलं. दोघी जिन्यावरून पळतच उतरल्या.

माझ्या नावाचा पुकारा झाला. मी तशीच आत गेले.