डाव्या मनगटातली पट्टी

एमआरआयमध्ये बघत बघत डॉक्टर तपासणीसाठी आईच्या गाठीत सुई घालणार होते. फॉर्मवरच्या ‘शरीरात धातू आहे का?’ या प्रश्नापुढे मी तिला न विचारताच ‘नाही’ लिहून मोकळा झालो होतो. दाराशी ती बांगड्या काढू लागली, तेव्हा मनगटावर लांब व्रण दिसला.

“आजी, हे काय?” सिस्टरने विचारलं.

“हात मोडला होता. आत पट्टी आहे, चार वर्षं झाली.” मग माझ्याकडे बघत, “तू तिकडे कामात होतास, म्हणून बोलले नाही रे.”

“कुठल्या धातूची ते कळल्याशिवाय आत नेता येणार नाही,” सिस्टर म्हणाली.

चार दिवाळ्या मी याच हातच्या करंज्या खाल्ल्या. आईच्या आत काय आहे, हे माझ्याआधी एमआरआयच्या त्या चुंबकाला कळलं असतं. मी ‘नाही’ खोडलं. खाली, रुग्णाशी नातं विचारलेल्या रकान्यात, मघाशीच ठसठशीत लिहून ठेवलं होतं : मुलगा.